माझ्याकडे सहाशे रुपये आहेत

अंगणवाडी सुटून मी घरी आले की आमची मांजर ठकी कांद्याच्या बराखीवरून खाली उडी टाकते आणि दारापर्यंत पायात घोटाळत येते. गेल्या आषाढात एका मंगळवारी ती आली नाही. शोधली, तर चुलीमागच्या सरपणात भिंतीकडे तोंड करून बसलेली. चारही पाय पोटाखाली, केस विस्कटलेले, दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यापर्यंत वर आलेला. सकाळची दूधभाताची वाटी तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. सरपणाजवळ दोन ठिकाणी पिवळी, फेसाळ उलटी पडली होती.

घोडेगावपासून पाच किलोमीटरवरच्या वाडीत मी अंगणवाडी चालवते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. जुलाब लागलेलं मूल आलं की त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती चटकन जागेवर गेली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. हे आमच्या हाताला आता सांगावं लागत नाही. ठकीच्या मानेमागची कातडी मी तशीच उचलून सोडली. ती उभी राहिली आणि सावकाश खाली बसली. माणसाचं मूल असतं तर मी त्याच्या आईला उभ्या पावली दवाखान्यात पिटाळलं असतं. ठकीला मात्र मी म्हटलं, उद्या सकाळी बघू. पर्समध्ये सहाशे रुपये होते आणि मानधन जमा व्हायला अजून बरेच दिवस होते.

मांजर आजारी आहे आणि हातात पैसे नाहीत, अशा वेळी काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जे कळलं ते धडपडत कळलं. आपल्या जुन्नर-आंबेगावात घरागणिक मांजर आहे, म्हणून ते सगळं लिहिते आहे.

‘उद्या बघू’ची किंमत मी आधी एकदा मोजलेली होती. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे बाळ्या नावाचा बोका होता. तो सारखा राखेत जाऊन बसायला लागला. जोर करायचा, काही न होता उठायचा, दोन मिनिटांत परत जाऊन बसायचा. आम्हाला वाटलं, पोट साफ होत नाही. मी एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी तो ओरडत होता, तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. त्याची लघवी तुंबली होती, हे मला पुष्कळ पुढे समजलं. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो. तिथे खडे नाहीतर चिकट गाळ अडकला की लघवी बंद होते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडतं. दोन-तीन दिवसांत सगळं संपू शकतं. भूल देऊन नळी घातली असती तर बाळ्या वाचण्याची शक्यता होती. त्याचं ते राखेत बसणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. बोका असा सारखा जोर करताना दिसला तर रात्र-दिवस बघू नका. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर, फिट आलेलं मांजर, विष खाल्ल्याचा संशय असलेलं मांजर, यांनाही सकाळपर्यंत थांबवायचं नसतं. बाकी बहुतेक दुखण्यांत एक रात्र विचाराला मिळते. दोन मात्र मिळत नाहीत. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, आणि मूळ दुखणं बाजूला राहून हे नवंच दुखणं जिवावर उठतं. अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका जास्त.

त्या मंगळवारी रात्री आमच्या घरात एक गोष्ट होता होता राहिली. ठकीच्या अंगाला हात लावून आमचे हे म्हणाले, “केवढी तापलीय!” आणि कप्प्यातून तापाची गोळी काढून तिचा चतुर्थांश त्यांनी चमच्यात चुरलाही. माया होती म्हणूनच. मला काय वाटलं कोण जाणे, आमच्या गाईला रेतन करायला येणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांचा नंबर फोनमध्ये होता, तो लावला. ते जेवत होते. माझं पुरतं ऐकूनही न घेता म्हणाले, “ताई, तो चमचा आधी खाली ठेवा.”

मांजराचं नेहमीचं तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते तापल्यासारखं लागणारच. आणि पॅरासिटामॉल मांजराला पचत नाही. आपलं यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. मग तेच औषध रक्तातल्या तांबड्या पेशींवर उठतं, रक्त प्राणवायू वाहीनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे, आणि त्याहून कितीतरी कमी मात्रेतही विषबाधा होते. त्या रात्री आमच्या घरात औषधाच्या नावाखाली विषच चुरलं गेलं होतं. मोरीत ओतताना माझे हात थरथरत होते.

विषाचा विषय निघाला आहे तर आपल्या शिवारातलं सांगते, कारण शहरातल्या मांजरांना नसलेले धोके आपल्याकडच्या मांजरांना आहेत. बराखीत कांदा, वर सातगाव पठाराकडे अरणीत बटाटा. जिथे माल साठवला तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे औषध. झिंक फॉस्फाइडची काळी पूड खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर त्यालाही बाधा होऊ शकते. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वेगळ्या तऱ्हेने मारतात. त्या रक्त गोठू देत नाहीत, दोन-चार दिवस काहीच दिसत नाही, मग नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. यावर के-१ जीवनसत्त्वाचं औषध आहे, वेळेत दिलं तर मांजर वाचतं. म्हणून दवाखान्यात जाताना विषाचं पाकीट बरोबर न्यायचं. डॉक्टरांना अंदाजाने शोधावं लागलं नाही की वेळ वाचतो आणि पैसेही वाचतात. दुसरा धोका गोठ्यातला. गाई-म्हशींच्या गोचिडांवर मारायचं सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन उरलं म्हणून लोक मांजराच्या पिसवांवर चोळतात. मांजर ते चाटतं, थरथर कापायला लागतं, फिट येतात. गाईला चालतं ते मांजराला चालत नाही. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरूनही त्याला चालू देऊ नका, ते पंजे चाटतं.

बुधवारी सकाळी ठकीला न्यायचं कशातून हा प्रश्न पडला. पिशवीत ती राहिली नसती. आमच्याकडे नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो नेण्याचे प्लास्टिकचे क्रेट आहेत. एका क्रेटमध्ये जुनं लुगडं अंथरलं, ठकीला ठेवलं, दुसरा क्रेट वर उपडा घातला आणि चारही कोपरे सुतळीने आवळले. हवा खेळती राहते, मांजराला बाहेरचं दिसतं, ओरबाडत नाही. जीपमधल्या लोकांनी “काय कोंबड्या का ताई?” विचारलं, तेवढंच.

पहिल्यांदा मी एका खासगी दवाखान्यात गेले. त्यांनी नीट तपासलं आणि रक्ताच्या दोन तपासण्या, पोटाचा एक्स-रे, दोन दिवस ठेवून सलाईन असा साधारण साडेचार हजारांचा खर्च सांगितला. मी “घरी विचारून येते” म्हणाले आणि क्रेट उचलून बाहेर पडले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जागेचं भाडं, यंत्रं, औषधं, मदतनीस यांचा खर्च त्यांनाही निघायला हवा, आणि मांजराच्या आजारपणासाठी आपल्याकडे कुठली सरकारी योजना नाही. चूक माझी झाली. मी पैशाचं बोललेच नाही. लाज वाटली. साडेचार हजारांना ‘हो’ म्हणता येत नव्हतं, म्हणून मी संपूर्ण उपचारालाच ‘नाही’ म्हणून आले. या दोन टोकांच्या मधे काही असतं, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं.

तिथून निघून एका छोट्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. साहेब फिरतीवर होते. शिपाई म्हणाला, “मांजर इथं नाय बघत.” मी परत आले. ठकीने त्या दिवशी आणखी तीन उलट्या केल्या. शेवटच्या उलटीत नुसतं पाणी होतं.

सासूबाई सकाळी म्हणाल्या होत्या, मांजराला कुठं दवाखाना असतो का. त्याच संध्याकाळी चुलीतली गरम वीट फडक्यात गुंडाळून ठकीच्या पाठीशी लावून बसल्या. म्हणाल्या, “पोळ्याला बैलाला पुरणपोळी. धान्य राखणारीला काय?”

गुरुवारी मी तालुक्याच्या दवाखान्यात सकाळी सकाळी गेले. ही वेळ महत्त्वाची. उशीर केला की डॉक्टर लसीकरणाला नाहीतर कुणाच्या अडलेल्या गाईकडे गेलेले असतात. अंगणात जनावरं उभी करायचा लोखंडी खोडा, त्यात एक जर्सी गाय, तिच्या मागे मी आणि माझे दोन क्रेट. केसपेपर निघाला. त्याचं शुल्क नाममात्र होतं. माझा नंबर आला तेव्हा मी आधी ठकीचं नाव सांगितलं नाही, लक्षणं सांगितली नाहीत. म्हणाले, “साहेब, माझ्याकडे सहाशे रुपये आहेत. जायचे साठ धरून. ह्यात हिचं काय होईल?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

पुढची दहा मिनिटं मला जन्मभर आठवतील. त्यांनी ठकीच्या हिरड्या दाबून पाहिल्या, पोट चाचपलं, ताप मोजला. मग मला समजावून सांगितलं. तपासणीशिवाय मी ठाम नाव सांगू शकत नाही. लस झालेली नाही, तेव्हा मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया असू शकतो, किंवा काहीतरी कुजकं खाण्यात आलं असेल. विषाणूवर तसंही नेमकं औषध नाही. दोन्हींत पहिलं काम तेच: अंगातलं पाणी भरून काढायचं, उलटी थांबवायची, जंतू वाढू द्यायचे नाहीत. सहाशे रुपयांत हे तीन होतं. एक्स-रे आज नको. पोटात दोरा किंवा हाड अडकल्याचं हाताला लागत नाही. तीन दिवसांत खायला लागली नाही, तर मात्र रक्त तपासायलाच हवं, तेवढ्या पैशाची तजवीज करून ठेवा.

इतकंच मला हवं होतं. आधी काय, मग काय, आणि काय आज नाही केलं तरी चालेल. हे डॉक्टर आपण होऊन सांगतीलच असं नाही, कारण समोरच्याची पर्स त्यांना दिसत नाही. ती आपणच उघडून दाखवावी लागते. खासगीतही हाच प्रश्न विचारता येतो, हे मला आता कळलं आहे: माझ्याकडे अमुक इतके आहेत, सगळ्यांत गरजेचं कोणतं? हप्त्याने दिले तर चालतील का? गोळीचं मूळ नाव लिहून द्याल का? या शेवटच्या प्रश्नाने माझे बरेच पैसे वाचले. मांजराला देतात त्यांतली पुष्कळ औषधं माणसांचीच असतात. उलटीचं ऑन्डॅनसेट्रॉन, डॉक्सिसायक्लीन, रिंगर लॅक्टेटची बाटली. मूळ नावाने लिहून घेतली तर जन औषधी केंद्रातही विचारता येतात. फक्त मात्रा डॉक्टरच ठरवणार, आणि ती वजनावर. ठकीचं वजन मी सांगू शकले. अंगणवाडीत रडकं मूल काट्यावर बसत नाही तेव्हा आईला घेऊन उभं करतो आणि आईचं वजन वजा करतो. तसंच घरच्या काट्यावर मी तिला घेऊन उभी राहिले होते. दोन किलो आठशे.

दवाखान्यात गुरांच्या जाड सुया होत्या, मांजराला लागणारी बारीक सुई नव्हती. चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलमधून बारीक सुया, सिरिंज, सलाईनची बाटली आणि गोळ्या आणल्या. शीर सापडेल इतकी ती भरलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी तंबूसारखी उचलली, तिच्याखाली सुई घातली आणि सलाईन हळूहळू सोडलं. पाठीवर लिंबाएवढा, मग मोसंबीएवढा फुगा आला. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, “काही तासांत अंगात जिरेल, उंटाच्या पाठीवरचं कोठार समजा.” उलटीचं इंजेक्शन दिलं. निघताना बजावलं: उलट्या चालू आहेत तोवर तोंडाने काही कोंबायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जाईल. थांबल्या की सिरिंजने गालाच्या कडेने थेंब थेंब पाणी. दूध नको. बिनमिठाची शिजलेली कोंबडी, तिला कांदा-लसूण लावायचा नाही, कारण कांद्याने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. आणि डॉक्सिसायक्लीनची गोळी दिल्यावर लगेच चमचाभर पाणी पाजायचं. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. त्या दिवशी जाण्यायेण्यासकट चारशे दहा रुपये लागले.

उरलेल्या दिवसांची सोय करायची होती. आमचा बचत गट दर महिन्याला बसतो, पण अडीअडचणीला अध्यक्षताई मधेच वही काढतात. मी हजार रुपये मागितले. वहीत ‘कारण’ असा रकाना आहे. ताईंनी पेन टेकवलं आणि विचारलं, “काय लिहू?” मी म्हणाले, मांजर. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, मांजरासाठी गटाचा पैसा का? मी सांगितलं, मी फेडणार आहे, महिना दोन टक्क्यांनी, जसा तू शेळीसाठी फेडलास. शेळी विकता येते, मांजर विकता येत नाही, एवढाच फरक. ताईंनी ‘घरगुती आजारपण’ असं लिहिलं. मला ते खोटं वाटलं नाही. ठकी घरचीच आहे.

शुक्रवारी आणि शनिवारी पुन्हा सलाईन. शनिवारी रात्री अकराला तिने सासूबाईंच्या हातून कोंबडीचा एक धागा खाल्ला. एकच. मग पंजा चाटायला लागली. मांजर स्वतःला चाटायला लागलं की समजायचं, वळण घेतलं. सगळा मिळून खर्च अकराशेच्या आत बसला.

आता सरकारी दवाखान्याची वाट नीट सांगते, कारण बुधवारी मला ती माहीत नव्हती. ग्रामीण भागातले पुष्कळ दवाखाने जिल्हा परिषदेकडे आहेत. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर पशुवैद्यक असतात; श्रेणी दोनच्या दवाखान्यात पर्यवेक्षक किंवा सहायक अधिकारी. मांजराच्या दुखण्यासाठी पदवीधर डॉक्टर जिथे आहेत तिथेच जा. ते कुठे बसतात हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारता येतं. आंबेगावची पंचायत समिती घोडेगावला आहे, जुन्नरची जुन्नरला. आमच्या तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे बाहेरून आलेली माणसं नेहमी चुकतात. कुत्र्या-मांजरांचाही केसपेपर निघतो. कोणी ‘इथं बघत नाही’ म्हणालं तर भांडू नका, डॉक्टर कधी भेटतील एवढं विचारा आणि त्या वेळी परत जा. १९६२ या नंबरवर फिरतं पशुचिकित्सा पथक मिळतं. ते मुख्यतः गुरांसाठी आहे, पण जवळचा डॉक्टर कुठे हे विचारायला फोन करण्यात काहीच जात नाही.

दुखणं तालुक्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर पुण्याला जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि त्याच्याही पुढे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, १९८८ मध्ये सुरू झालेलं. तिथे विद्यार्थी शिकतात, म्हणून प्राध्यापक बारकाईने तपासतात. नारायणगावहून पुणे आणि पुण्याहून शिरवळ, म्हणजे दिवस मोडतो. पण मोठी शस्त्रक्रिया असेल तर प्रवासखर्च धरूनही विचार करण्यासारखं आहे. रस्त्यावरचं, कुणाचंच नसलेलं मांजर जखमी झालं, तर बावधनची रेस्क्यू ही संस्था पुणे परिसरात हेच काम करते.

गरिबाच्या जनावराला दवाखाना हवा, हे आपल्याकडे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल १८८३ पासून आहे, आणि मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये त्याच आवारात सुरू झालं. लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत मारिया डिकिन नावाच्या बाईंनी १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असताना, एका तळघरात फुकट दवाखाना उघडला. लोक गाढवं, कुत्री, मांजरं घेऊन येऊ लागले. त्यातूनच ब्रिटनमधली पीडीएसए ही संस्था उभी राहिली, ती अजून परवडत नसणाऱ्यांच्या जनावरांवर उपचार करते. मला या बाईंचा फार आधार वाटतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने जनावर पाळूच नये, असं त्यांना वाटलं नाही.

आपल्या भागात मात्र एका मांजराला मोठा दवाखाना आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून ते सांभाळते. उसात सापडलेले, विहिरीत पडलेले, जखमी बिबटे तिथे येतात. घरच्या मांजराला तिथे घेऊन जाऊ नका, ते त्यासाठी नाही. पण त्या मोठ्या मांजराशी ठकीचं नातं आहे, आणि ते जिवावरचं आहे. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात कुत्री सर्वांत जास्त, ३९ टक्के, आणि त्यांच्या खालोखाल घरची मांजरं, १५ टक्के. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू बिबट्यालाही होऊ शकतो. म्हणून ठकी अंधार पडायच्या आत घरात, आणि तिला लस टोचलेली.

लसीचं गणित मी मांडून पाहिलं. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं झालं की पहिली, तीन-चार आठवड्यांनी दुसरी. ठकीच्या आजारपणाला जे लागलं, त्याहून लस मला स्वस्त पडली. आणि तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची. ६ जुलैला, जागतिक प्राणिजन्य आजार दिनाला, आणि २८ सप्टेंबरला, रेबीज दिनाला, पुष्कळ सरकारी दवाखान्यांत कुत्र्या-मांजरांना ही लस फुकट देतात. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शुक्रवारी सुई टोचताना ठकीने माझ्या मनगटाला चावा घेतला होता. दोन दात खोल गेले. मी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतलं आणि घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात गेले. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी इंजेक्शन, सगळी फुकट. मांजराच्या चाव्यानेही रेबीज होतो, हे आमच्या वाडीत अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. गरीब मांजर एकाएकी अंगावर यायला लागलं, लाळ गळायला लागली, तर त्याला हात लावू नका, कोंडून डॉक्टरांना कळवा.

एक गोष्ट राहिली, लिहायला जड जाते. कधी कधी पैसे गोळा झाले तरी उपयोग नसतो, आणि कधी ते गोळाच होत नाहीत. अशा वेळी मांजर पोत्यात घालून बाजाराच्या गावी नाहीतर घाटात सोडून येतात. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. आजारी मांजर अनोळखी जागी भुकेने, कुत्र्यांच्या तोंडी मरतं. डॉक्टरांना विचारा. बरं होण्यासारखं नसेल तर भूल देऊन शांतपणे झोपवतात. तोवर डोक्यावर हात ठेवून आपल्याला जवळ बसता येतं. बाळ्याला मी तेवढंही देऊ शकले नाही.

गटाचे पैसे मी चार हप्त्यांत फेडले. क्रेट पडवीत खुंटीला टांगून ठेवले आहेत, आत ते लुगडं, दोन न वापरलेल्या बारीक सुया आणि दवाखान्याच्या वेळा लिहिलेला कागद. मागच्या महिन्यात वरच्या आळीतली एक पोरगी संध्याकाळी दारात उभी राहिली. तिचं पिल्लू दोन दिवस खात नव्हतं. म्हणाली, “बाई, क्रेट द्याल? माझ्याकडं अडीचशे आहेत.” मी सांगितलं, अगदी असंच डॉक्टरांना सांग. सकाळी साडेसातच्या जीपने ती गेली. पिल्लू आता बरं आहे. क्रेट अजून तिच्याकडेच आहेत, तिच्या मामाच्या बोक्याला न्यायचं होतं म्हणून.